जळोचीचे मंत्रीआबा

सायमनआबांवर अन्याय झाला. १९९६ सालच्या मे महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी सव्वादहा वाजता, जळोचीतल्या भगवानतात्यांच्या अंगणातून पोलिसांच्या जीपनं त्यांना उचललं आणि ज्या देशात त्यांना मारायला माणसं टपून बसली होती त्याच देशाकडं रवाना केलं. त्यांनी चोरी केली नव्हती, कुणाचा बांध कोरला नव्हता, कुणाशी हुज्जत घातली नव्हती. इंदापूर तालुक्यातल्या एका सभेत ते चार मिनिटं बोलले होते. त्या सभेला त्यांना मी नेलं होतं.

सायमन हे त्यांचं खरं नाव नाही. खरं नाव मी एकदा छापलंय, तेवढं बास झालं. देशाचंही नाव लिहीत नाही, कारण त्यांची एक बहीण तिथं आहे; निदान ते गेले तेव्हा होती. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, महाराष्ट्रापेक्षाही लहान देश. तिथं एकाच देशातली माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना मारत होती, आणि त्यातली तीन वर्षं हा माणूस तिथला शेतीमंत्री होता.

असा माणूस जळोचीत कसा आला, हे लोक अजून विचारतात. सोपं आहे. तरुणपणी तो पुण्याला शेतकीचं शिकायला आला होता, शिष्यवृत्तीवर. वसतिगृहात भगवानतात्या त्याचे खोलीतले सोबती. दिवाळीच्या सुट्टीत तात्या त्याला घरी घेऊन आले होते. नंतर तीस वर्षं पत्र नाही की पत्ता नाही. आणि मग एका दुपारी बारामतीच्या स्टँडवरून रिक्षा आली, त्यातून सहा फुटांपेक्षा उंच, पांढऱ्या केसांचा, काळाकुळकुळीत माणूस उतरला आणि म्हणाला, "भगवान आहेत का?" तात्यांनी ओळखलंच नाही. ओळखलं हिराकाकूंनी. त्या दिवाळीला त्या घरात नव्या नवरी होत्या. चुलीपुढून त्या म्हणाल्या, "आवो, अकरा पुरणपोळ्या खाल्लेला तुमचा दोस्त न्हाय का ह्यो."

पाहुणा म्हणून राहण्याचा परवाना होता. दर सहा महिन्यांनी तात्या त्यांना जिल्ह्याच्या कचेरीत घेऊन जायचे, एक शिक्का मारून आणायचे. तो शिक्का बसेपर्यंत त्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नसे. शिक्का नाही मिळाला तर परत जायचं, आणि परत जायचं म्हणजे मरायचं, एवढा साधा हिशोब होता. परवान्याच्या कागदावर अटी होत्या. त्यातली एक अशी, की परदेशी पाहुण्यानं राजकारणात भाग घेऊ नये. ती अट मी वाचली होती. हे आधीच सांगून टाकतो.

मी मूळचा लोणी भापकरचा. तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मोपेडवर गावोगाव फिरून निवेदनांवर सह्या गोळा करायचो. तात्यांच्या अंगणात पहिल्यांदा गेलो तो सह्यांसाठीच. कडुलिंबाखाली तात्या बाजेवर बसलेले आणि आबा खुर्चीवर, खुर्ची भिंतीला टेकवून, पाठीमागं उंदीरसुद्धा जाणार नाही अशी. तात्यांची सही घेतली आणि गमतीनं कागद आबांपुढं धरला. म्हटलं, "तुम्हीपण करा, पाव्हणे." कागदावर उभे रकाने होते: नाव, वडिलांचं नाव, गाव, सही. खाली पन्नासेक माणसं नोंदलेली. आबांनी तो कागद बघितला. दोन्ही हात पाठीमागं नेले, उठले आणि घरात गेले.

"काय झालं?" मी विचारलं.

तात्या म्हणाले, "यादी हाय ना ती. त्येला यादी दावू नगं."

मला वाटलं, म्हातारा तऱ्हेवाईक दिसतो.

तऱ्हेवाईक तर ते होतेच. घरात चपला-बूट न्यायचे नाहीत हा हिराकाकूंचा कायदा, आणि बूट नजरेआड करायचे नाहीत हा आबांचा. पहिले पंधरा दिवस त्यावरून रोज कटकट. आबा बूट काढायचे, पण मांडीखाली घेऊन जेवायला बसायचे. काकू म्हणायच्या, "मंत्री हायसा न्हवं तुमी? मंत्री काय पायताणावर बसून जेवत्यात?" आबा गंभीरपणे सांगायचे, "हिरावहिनी, ज्या मंत्र्यांनी बूट दाराशी ठेवले, त्यांच्यापैकी आज कोणी हयात नाही." शेवटी काकूंनीच तोड काढली. मागच्या दाराच्या उंबऱ्याला लागून एक फळी टाकली. बूट तिथं, टोकं बाहेरच्या बाजूला करून. पळायचं झालं तर पाय घातला की रस्ता. त्यानंतर आबा मांडी घालून जेवू लागले. तरी अधूनमधून नजर फळीकडं जायचीच.

त्यांचं मराठी पुण्यातल्या वसतिगृहातलं, तीस वर्षं पेटीत घडी घालून ठेवल्यासारखं. सगळ्यांना 'आपण' म्हणायचे, तात्यांच्या बैलालासुद्धा. मला 'कार्यकर्ते' अशी हाक मारायचे. "काय कार्यकर्ते, आज कोणावर अन्याय झाला?" असं विचारायचे आणि मी सांगायला लागलो की खरोखर ऐकायचे. मधेच थांबवून विचारायचे, "हे आपण पाहिले की ऐकले?" ऐकलं असेल तर म्हणायचे, "मग जरा हळू बोला."

पण एक वाक्य त्यांनी काकूंकडून इथल्या बोलीत शिकून घेतलं होतं. काकूंनी ते पाढ्यासारखं घोकून घेतलेलं मी ऐकलंय.

"कुणी हटकलं, तर काय म्हणायचं?"

"आमी जळोचीचं."

"कुणाच्यातलं?"

"भगवानतात्याच्यातलं."

"येवढ्या उंच माणसाला कोन इचारतंय म्हना. तरीबी पाठ असू द्या."

ते वाक्य कुठं उपयोगी पडलं ते सांगतो. डाळिंबाच्या पेट्या टेम्पोत घालून आम्ही तिघं बारामतीला चाललो होतो. तात्या पुढं, मी आणि आबा मागं पेट्यांवर. गावाच्या तोंडाशी जकात नाका. रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला खोपट्यात दोन माणसं, एकाच्या हातात काठी. रोजचा नाका. मी टेम्पोतूनच कडेच्या बिडीवाल्याशी काहीतरी बोलत होतो. वळून बघतो तर आबा टेम्पोतून उतरलेले. रस्त्याच्या कडेला जाऊन उभे. दोन्ही तळहात उघडे करून छातीपुढं धरलेले, नजर जमिनीकडं. पँटच्या पुढच्या बाजूला ओलं झालेलं. आणि मोठ्यानं, एकसुरात म्हणत होते, "आमी जळोचीचं. भगवानतात्याच्यातलं. आमी जळोचीचं."

नाक्यावरचा कारकून पावतीपुस्तक घेऊन आला, बघत राहिला. म्हणाला, "आबा, जळोचीचं का असंनात, पेट्या किती हायत ते सांगा."

आम्ही हसलो. मीसुद्धा. तात्या मात्र खाली उतरले, खांद्यावरचा टॉवेल आबांच्या कमरेभोवती गुंडाळला आणि त्यांचा हात धरून बांबूच्या पलीकडं चालत नेलं. पलीकडं गेल्यावर आबा म्हणाले, "भगवान, त्याने नाव नाही विचारले." तात्या म्हणाले, "न्हाय इचारलं. हितं पेट्या मोजत्यात, माणसं न्हाय."

त्यानंतर मला त्यांच्या मंत्रिपदाबद्दल विचारायची लाज वाटायला लागली. पण एक दिवस डाळिंबाच्या बागेत बुंध्यालगतचे फुटवे कापताना त्यांनीच सुरुवात केली. मी जसं ऐकलं तसं लिहितो.

"कार्यकर्ते, माझे राज्य फार लहान होते. बंदरापासून हॉटेलपर्यंत. बाकी देश बंडखोरांच्या ताब्यात. मंत्रिमंडळ हॉटेलातच बसे, कारण सचिवालयाला छप्पर राहिले नव्हते. मी शेतीमंत्री, आणि माझ्याकडे एकही शेत नव्हते. हॉटेलची बाग होती. तिथे मी कंद लावले. जागतिक संस्थांकडून पाहणीसाठी आलेल्या लोकांना मी तेच दाखवत असे. फोटो चांगले आले."

"मग राहिलात कशाला मंत्री?"

"मंत्र्याला दोन शिपाई मिळत. रायफल एक. म्हणजे आलटून पालटून. बाहेर पडलो असतो तर तेही नाही. देशसेवा वगैरे आपण पत्रकात लिहा. मी भीतीपोटी मंत्री राहिलो."

सरकारं दोनदा बदलली, माणूस तोच राहिला, कारण शेतीखातं कुणालाच नको होतं. दुसऱ्या वर्षी मात्र त्यांनी एक काम केलं. शहराबाहेर भाताच्या बियाण्याचं सरकारी केंद्र होतं. युद्ध सुरू झाल्यावरही तिथली माणसं पळाली नव्हती. बियाणं सोडून जायचं कसं, म्हणून थांबलेली. एकोणचाळीस जण. त्यांना बोटीनं शहरात आणायचं ठरलं. बोटवाल्यांनी यादी मागितली. आबांनी स्वतः टाईप केली: नाव, वडिलांचं नाव, गाव, घरात बोलायची भाषा. खाली मंत्र्याची सही, खात्याचा शिक्का. तीन प्रती काढल्या.

"त्यातली एक प्रत बंडखोरांच्या नाक्यावर पोचली," आबा म्हणाले. हातातली कात्री चालूच होती. "कशी पोचली, मला अजून ठाऊक नाही. त्यांनी केंद्रावर जाऊन ती वाचली. मोठ्याने. नाव वाचले की माणूस पुढे येई. आनंदाने येई. कागदावर माझा शिक्का होता ना. त्यांना वाटले, मंत्र्यांनी सोडवायला पाठवले आहे."

मी खाली पडलेले फुटवे गोळा करायला लागलो.

"त्यानंतर मी सही केली नाही. कशावरच नाही. फायली साचल्या. वर्षभर माझ्या खात्याने एकही निर्णय घेतला नाही. माझ्या कारकिर्दीतला तो सर्वांत निरुपद्रवी काळ."

"राजीनामा द्यायचा."

"त्यावर सही करावी लागते."

मग तह झाला. तहात बंडखोरांना खाती वाटून मिळाली. तो नाका ज्याच्या हुकमतीत होता तो माणूस मंत्री होऊन हॉटेलात आला आणि बैठकीत आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. त्यानं आबांच्या पेल्यात पाणी ओतलं आणि हळूच म्हणाला, "महोदय, आपली ती यादी फार नीट टाईप केलेली होती. एकच नाव राहून गेलं होतं, सर्वांत खालचं." सर्वांत खाली आबांची सही होती. आबा तसेच उठून मुतारीला जातो म्हणून निघाले, ते मच्छीमारांच्या बोटीत बसेपर्यंत थांबले नाहीत. त्यांच्या पायातले ते बूट त्या बैठकीतलेच होते.

हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असताना मी पुढचं केलं.

पळसदेवला उजनी धरणग्रस्तांची सभा ठरली होती, एप्रिलमध्ये. पाणी खाली गेलं की तिथलं जुनं देऊळ वर येतं, त्याच्या जवळच मांडव टाकणार होतो. पाण्याखाली घरं गेलेल्या लोकांना बदल्यात दिलेल्या जमिनींचे कागद इतकी वर्षं होऊनही हातात मिळाले नव्हते. प्रश्न खरा होता. पण सभेला माणसं येईनाशी झाली होती. तेच वक्ते, तीच भाषणं. मी आबांना म्हटलं, "देऊळ बघायला चला. जमलं तर दोन शब्द बोला."

त्यांनी पायातल्या बुटांकडं बघितलं. मग म्हणाले, "येईन. मागे बसेन. माझे नाव मात्र कोठे नको."

"नाही येणार," मी म्हटलं.

तो शब्द मी दोन दिवस पाळला. तिसऱ्या दिवशी बारामतीत प्रेसवर पत्रकाचा मजकूर जुळवताना मला तो मजकूर मिळमिळीत वाटला. आमच्याकडं पत्रकाला पाहुणा लागतो. पाहुण्याशिवाय सभा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. मी कंपोझिटरला सांगितलं, मधे सर्वांत मोठ्या टाईपात टाका: प्रमुख पाहुणे, आफ्रिकेचे माजी शेतीमंत्री, अमुक अमुक. खाली निमंत्रक म्हणून आम्ही नेहमी लिहायचो तेच लिहिलं: आपले नम्र, समस्त ग्रामस्थ. असं लिहिलं की पोलिसांना नोटीस कुणाच्या नावानं काढायची कळत नाही. चळवळीतली ही आमची जुनी हुशारी. प्रेसवाल्यानंही झंझट नको म्हणून प्रेसचं नाव टाकलं नाही. दोन हजार गुलाबी कागद निघाले. दोन हजार कागदांवर मिळून एकाच माणसाचं नाव होतं, आणि ते ज्याला नाव नको होतं त्याचं.

आबांनी ते पाहिलं पळसदेवला पोचल्यावर, फाट्यावरच्या टपरीला चिकटवलेलं. देवनागरी ते बोट लावून वाचायचे. बोट मोठ्या अक्षरांखाली आलं आणि थांबलं. मी तोंडातल्या तोंडात काहीतरी बोललो. लोक यावेत म्हणून, वगैरे.

"किती छापली?"

"दोन हजार."

"त्यांतली किती परत आणता येतील?"

मी टपरीवरचं पत्रक नखानं खरवडायला लागलो. त्यांनी मान हलवली, रागावल्यासारखी नव्हे, हिशोब मिळाल्यासारखी.

मागं बसणं राहिलं बाजूला. आपल्याकडं मागं बसलेल्या पाहुण्याला मागं बसू देणं हा गावाचा अपमान असतो. अध्यक्षांनी माईकवरून नाव पुकारलं, दोघा जणांनी दंडाला धरून पुढं आणलं. नाव पुकारलं आणि हा माणूस पुढं आला. त्यांना त्या क्षणी काय दिसलं असेल याचा विचार मी नंतर पुष्कळ केला, तेव्हा केला नाही. डोक्याला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. एका साप्ताहिकाच्या फोटोग्राफरनं तीनदा नारळ परत घ्यायला लावला, कारण फोटो हलत होता. हलत होते आबा.

मग ते बोलले. माईक दोन्ही हातांनी धरून.

"मी मंत्री होतो. अर्ज देणारे आपण. अर्ज घेणारा मी. टेबलाच्या पलीकडून कसे दिसते, ते सांगतो. अर्ज येतो. मी तो वाचतो. तो खरा आहे, हे मला कळते. मग मी त्यावर दुसरा कागद ठेवतो. मला वाईट वाटते, पण दुसरा कागद ठेवल्यावर कमी वाटते. आपण समजता की मंत्र्याला माहीत नाही, म्हणून पुन्हा अर्ज देता. त्याला माहीत आहे. त्याला आणखी सांगू नका. त्याला विचारा. विचारलेल्याचे उत्तर द्यावे लागते, सांगितलेल्याचे नाही."

मग मागून एक म्हातारा धनगर म्हणाला, "च्यामायला, परक्या मुलखाचा मंत्री असून खरं बोलला. आपल्यानं एवढं बी कदी कबूल केलं न्हाय." माणसं हसली, टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या मला आवडल्या. परत येताना मी मोपेड चालवत चळवळीबद्दल बोलत होतो आणि आबा मागं बसले होते. फेटा त्यांनी काढून मांडीवर घेतला होता.

साप्ताहिकात फोटो आला. मथळा: 'परदेशी मंत्र्याचा सरकारला घरचा आहेर'. आठ दिवसांनी जळोचीला हवालदार आला. त्याच्याजवळ ते कात्रण होतं आणि आमचं गुलाबी पत्रक.

जिल्ह्याच्या कचेरीत बोलावलं होतं. तात्या गेले, आबा गेले, मीही गेलो. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दार अर्धं उघडं होतं आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेब वाईट नव्हता. आवाजसुद्धा चढवला नाही.

"सभेला तुम्हाला कोण घेऊन गेलं?"

"मी स्वतः गेलो. देऊळ पाहायला."

"पत्रक कुणी छापलं?"

"मला मराठी वाचता येत नाही."

त्या माणसाला खोटं बोलताना मी एवढं एकदाच ऐकलं.

साहेब म्हणाला, "हे बघा, मुदतवाढीचा अर्ज अजून माझ्या हातात आहे. सभेचं मी काहीतरी बघतो. अज्ञान म्हणून लिहितो. पण हा रकाना भरा. आपल्याबद्दल जबाबदारी घेणाऱ्या दोन स्थानिक व्यक्ती. नाव, वडिलांचं नाव, गाव, सही. एक हे तात्या झाले. दुसरा कोण?"

दुसरा बाहेर बाकावर बसला होता. पाच पावलांवर. उठून आत जायचं, पत्रक मी छापलं म्हणायचं, रकान्यात नाव घालायचं. माझ्यावर आधीची एक केस चालू होती. घोषणाबाजीची, फुटकळ. तिची मला भीती वाटली. मी बाकाच्या कडेला घट्ट धरून बसलो.

आतून तात्यांचा आवाज आला. "माझं तरी लिवा की. आन् दुसरं आमच्या मालकिणीचं लिवा."

आणि मग आबांचा. एवढ्या मोठ्यानं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "नाही. भगवान, नाही. त्या कागदावर आपले नाव नको. हिरावहिनींचे नको. कोणाचेही नको." तात्यांनी मला नंतर सांगितलं, आबांनी रकान्यावर पंजा पसरून ठेवला होता आणि तो कुणाला उचलू देत नव्हते. साहेबानं खुर्ची मागं सरकवली. मग म्हणाला, "रकाना रिकामा असेल तर अर्ज अपुरा. अपुऱ्या अर्जावर मी काय करू शकतो?"

काहीच करू शकला नाही. हुकूम निघाला.

बाहेर आल्यावर आबांनी माझ्याकडं बघितलं. माझं तोंड उतरलेलं होतं. ते म्हणाले, "कार्यकर्ते, आपण आत आला नाहीत, हे बरे केलेत." टोमणा नव्हता. त्यांना तसंच वाटत होतं, आणि म्हणून ते मला अजून खाली बघायला लावतं.

मे महिन्यातला तो गुरुवार. जीप सव्वादहाला आली. एक ड्रायव्हर आणि इंदापूरकडचा एक तरुण शिपाई. हिराकाकूंनी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले आणि शिपायालाच दरडावलं, "त्यास्नी मदी बसवू नगंस. कडंला बसव. त्यांना भाईर दिसाया लागतंय." शिपाई म्हणाला, "व्हय मावशी." तात्या अंगणात आलेच नाहीत. गोठ्यात जाऊन शेण ओढत बसले, जिथं शेण नव्हतं तिथलं.

आबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. जीपच्या पायरीवर पाय ठेवताना तो दोनदा निसटला. बसले. ड्रायव्हर कागदांवर काहीतरी लिहीत होता, म्हणून दोन मिनिटं गाडी तशीच उभी राहिली. त्या दोन मिनिटांत कसं कोण जाणे, शिपायानं विचारलं, "सायेब, तुमी शेतीचं मंत्री हुता म्हनं. आमच्या कांद्याची पात शेंड्याकडनं पिवळी पडतीय. दोनदा फवारलं, फरक न्हाय."

मला वाटलं, त्याच्या थोबाडीत द्यावी.

आबा त्याच्याकडं वळले. "पाणी किती दिवसांनी देता?"

"चार दिवसानं."

"जमीन चिबडी आहे? पाणी धरून ठेवते?"

"जरा हाय."

"मग औषध नको. पाणी तोडा. आठ दिवस हात लावू नका. मुळे गुदमरली आहेत." मग त्यांनी हातानं वाफ्याची उंची दाखवली, पाणी बाहेर काढायला चर कसा घ्यायचा ते बोटानं हवेत ओढून दाखवलं. शिपाई मान हलवत होता. जीप सुरू झाली तेव्हाही ते सांगतच होते. रस्त्याला लागताना मला दिसलं ते एवढंच, की शिपायानं वही काढलीय आणि आबा त्याच्या कानाशी वाकून, इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, काहीतरी समजावतायत.

दोन वर्षं झाली. तात्यांनी पाच पत्रं टाकली. एकाला उत्तर आलं, एका ओळीचं: संबंधित व्यक्तीस नियमानुसार रवाना करण्यात आले आहे. कुठं उतरवलं, उतरल्यावर कुणी ताब्यात घेतलं, तो पाण्याचा पेला भरणारा मंत्री तेव्हा खुर्चीत होता की नव्हता, काही नाही. हिराकाकू टपालवाल्याला अजून विचारतात. तो आता त्यांच्या दारावरून सायकल जोरात काढतो.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल तर ते तुमच्याजवळ ठेवा, त्याचा उपयोग नाही. एक पोस्टकार्ड घ्या. आपल्या आमदाराच्या नावे लिहा. निवेदन लिहू नका, निषेध लिहू नका, एकच प्रश्न लिहा: शहाण्णवच्या मे महिन्यात जळोचीतून नेलेला पाहुणा कुठं उतरवला आणि कुणाच्या हातात दिला? त्यांचं नाव घालू नका. ज्यांना ठाऊक असायला पाहिजे त्यांना ते ठाऊक आहे. खाली तुमचं नाव घाला. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका. माझं कार्ड काल टपालात पडलं, दोन वर्षं उशिरा. तुमचं आज पडू द्या.